कोंड्याचा मांडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा शुभदिवशी दोन शब्द बोलण्याचा मान अध्यक्षबाईंनी मला दिला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. खरे सांगायचे तर त्यांनी प्रथम विचारले तेव्हा मी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि विषय मधुमेहाचा. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची व्याख्याने आपण ऐकतोच. या वेळी ज्या बाईच्या हातात परात आणि पळी आहे, तिचे ऐकू या." परात आणि पळी हे शब्द कानांवर पडले आणि माझी भीती निम्मी झाली. तेवढ्यापुरते मला बोलता येते. तेव्हा जे माझ्या स्वयंपाकघरात घडले ते मी सांगणार आहे, आणि त्यामागचे शास्त्र माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने वाचून मला जेवढे समजावून दिले, तेवढेच मध्ये मध्ये जोडणार आहे. चूकभूल आपण पोटात घालावी.

"कोंड्याचा मांडा करणे" हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. घरात काही नसले तरी जी बाई कोंड्यातूनही गोड घास निर्माण करते, ती खरी सुगरण, असे आपल्या आज्या सांगत. मी मात्र उलटे केले. कोंडा टाकून दिला, नुसता मांडा ठेवला आणि स्वतःला सुगरण समजत राहिले. त्याची किंमत काय पडली ते ऐका.

आमच्या दारात दोन म्हशी आहेत. गिरणीतून गव्हाचे दळण आले की मी ते बारीक चाळणीने दोनदा चाळत असे. सासूबाईंना दात नव्हते, मालकांना मऊ चपाती आवडे, आणि मलाही चपाती पांढरी आणि कापसासारखी झाली की बरे वाटे. चाळणीवर राहिलेला कोंडा जाई म्हशींच्या आंबोणात. वर्षानुवर्षे हाच क्रम चालला. म्हशी चांगल्या धट्टीकट्टी राहिल्या. 2018 साली आमच्या मालकांना मात्र मधुमेह निघाला.

आधी त्यांना सारखी तहान लागू लागली. रात्रीत चार-चार वेळा उठावे लागे. अंगावरचे कपडे ढिले झाले. आम्हाला वाटले, उन्हाळा आहे आणि रानातली कामे आहेत, त्यामुळे असेल. शेवटी रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटी साखर 210 निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 9.4 आली. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, अथवा सरासरी 6.5 किंवा त्याहून जास्त आली, तर त्याला मधुमेह म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

मला धसका बसला त्याला कारण होते. माझी आई याच आजाराने गेली. तिच्या पायाला चप्पल लागून फोड आला होता. पायाची जाणीव बोथट झालेली, त्यामुळे तिला तो दुखलाच नाही. दुखला नाही म्हणून कुणी पाहिला नाही. आधी दोन बोटे काढावी लागली आणि पुढच्या वर्षात आई गेली. आईला साखर आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण ती काय खाते, केव्हा खाते, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते, कारण ती नेहमी सगळ्यांच्या मागून जेवत असे.

घरी आल्यावर मी पहिला हुकूम काढला, की आजपासून घरात साखर बंद. आणि साखरेच्या जागी चहात गूळ सुरू केला! आपण पडलो कोल्हापूरकर. आपल्या गुळाचे नाव देशभर आहे, 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गूळ म्हणजे घरचा, निर्मळ, औषधासारखा, तो कसा बाधेल, अशी माझी समजूत. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले तर आकडा जवळपास तिथेच. आहार सांगणाऱ्या बाईंनी विचारले, "गूळ कशाचा करतात?" मी म्हटले, "उसाचा." "आणि साखर?" मी मान खाली घातली. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण त्यातला फार मोठा भाग साखरच असते. रक्ताला तो गूळ आहे की साखर आहे, याच्याशी काही देणेघेणे नसते.

मग त्या बाईंनी मला जे विचारले, त्यावरच आजचे माझे सगळे बोलणे उभे आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरात गोड किती येते ते मोजता. पण घरातून चोथा किती जातो, ते कधी मोजले का?"

चोथा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना गुऱ्हाळावरून पटकन कळेल. ऊस चरकात जातो. रस काहिलीत पडतो आणि चिपाडे वाळवून चुलवाणात जळण म्हणून जातात. म्हणजे उसातली साखर आपल्या पोटात आणि उसातला धागा जाळात. आता दुसरी गोष्ट पाहा. लहानपणी आपण बांधावर बसून ऊस खात होतो. एक कांडे सोलायचे, तोडायचे, चावायचे आणि चोथा थुंकायचा. त्यात कितीतरी वेळ जाई आणि जबडे दुखून येत. रसाच्या गाड्यावर मात्र तीन-चार कांड्यांचा रस आपण बोलता बोलता एका दमात पिऊन टाकतो. ऊस तोच, साखरही तीच. फरक एवढाच, की धागा बरोबर होता तेव्हा साखर हळूहळू आली, आणि धागा काढून टाकला तेव्हा धावत आली. उसाचा चोथा आपण थुंकतो, पण ज्वारीचा, हरभऱ्याचा, पेरूचा चोथा पोटात जातो आणि तिथेही साखरेचा पाय ओढण्याचे हेच काम करतो.

धान्य, कडधान्य, भाजी आणि फळ यांच्यातला जो भाग आपल्या पोटातल्या रसांनी पचत नाही, त्याला शास्त्रात तंतुमय पदार्थ म्हणतात. तो अंगाला लागत नाही, म्हणून पूर्वी त्याला कुणी किंमत देत नसे. पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची कामे वेगळी आहेत.

पहिला प्रकार पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. रात्री मेथ्या भिजत घातल्या की सकाळी पाणी कसे चिकट होते, भेंडी चिरताना हाताला तार कशी येते, इसबगोल पाण्यात टाकला की कसा फुगतो, ते आठवा. पोटात गेल्यावर हा बुळा अन्नाभोवती लपेटतो. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि साखर रक्तात बेताबेताने उतरते. मेथ्या, भेंडी, गवार, जवस, कडधान्ये, पेरू यांत हा प्रकार असतो. दुसरा प्रकार न विरघळणारा, म्हणजे गव्हाचा कोंडा, ज्वारीची साल, पालेभाजीचे धागे. तो पोट भरल्याचे समाधान देतो आणि कोठा साफ ठेवतो. घासही जास्त चावावा लागतो, त्यामुळे माणूस आपोआप सावकाश जेवतो.

ही नुसती आजीबाईची समजूत नव्हे. 1976 साली इंग्लंडात डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही माणसांच्या जेवणात गवारीच्या बियांचा डिंक आणि फळांतला चिकट अंश मिसळून पाहिला. तेव्हा जेवणानंतर चढणारी साखर कमी चढली. आपण जी गवार शेंगदाण्याचे कूट घालून करतो, तिच्याच बियांचा हा डिंक! 1990 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना तेल काढलेल्या मेथ्यांची पूड जेवणातून दिली आणि त्यांची उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. पण भगिनींनो, ती पूड दिवसाला 100 ग्रॅम होती आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होती. उद्या घरी जाऊन कुणी वाटीभर मेथ्या फाकू नका!

मला सर्वांत जास्त पटली ती 2000 सालची गोष्ट. अमेरिकेत डलास येथे डॉ. मनीषा चांडालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 13 मधुमेही माणसांना सहा आठवडे एक आहार दिला आणि सहा आठवडे दुसरा. एकात दिवसाला 24 ग्रॅम चोथा, दुसऱ्यात 50 ग्रॅम. कसली पूड नाही, गोळी नाही, साधी फळे, भाज्या आणि धान्य. जास्त चोथ्याच्या आहारावर दिवसभराची साखर सुमारे एक दशांशाने कमी राहिली. एक दशांश म्हणजे फार नाही, असे कुणी म्हणेल. पण ही घट गोळी न वाढवता, ताटातूनच मिळाली. आपण बाजारात रुपयाला दहा पैसे सुटावेत म्हणून अर्धा तास घासाघीस करतो, मग हे का सोडावे?

आता आपल्याकडे हा चोथा हरवला कसा, ते पाहू. सासूबाई सांगत, त्यांच्या तरुणपणी घरात रोज शाळूची नाहीतर नाचणीची भाकरी असे, चपाती सणावाराला. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळाला. तो खाऊन लोक इतके विटले, की ज्वारी म्हटले की ते दिवस आठवत. पुढे रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ आले, हातात चार पैसे आले आणि भाकरी गरिबाची, चपाती श्रीमंताची असे ठरून गेले. पाहुणा आला आणि ताटात भाकरी वाढली तर आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. मग मैदा आला. बटर, खारी, पाव, बिस्किटे यांनी चहाच्या ताटलीत ठाण मांडले. हरभऱ्याच्या आणि हुलग्याच्या जागी पापड-फरसाण आले. दात असलेली माणसेसुद्धा दात नसल्यासारखी जेवू लागली.

आकडेच सांगायचे तर, 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो. बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट गव्हाचे पीठ यांत 11 ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या सडलेल्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही. अख्ख्या हरभऱ्यात 25 ग्रॅमपर्यंत असतो. म्हणजे बायांनो, गव्हाशी आपले भांडण नाही, भांडण आहे चाळणीशी. न चाळलेल्या पिठाची चपाती भाकरीच्या पंक्तीला बसू शकते. जाणकार दिवसाला साधारण 30 ते 40 ग्रॅम चोथा खावा असे सांगतात. दोन मध्यम भाकरींतून 12 ग्रॅमच्या आसपास येतात. वाटीभर मटकीच्या नाहीतर हरभऱ्याच्या उसळीतून पाच-सहा, दोन वेळच्या भाज्यांतून सहा-सात, एका पेरूतून पाचाच्या वर, आणि कांदा, काकडी, गाजर यांतून दोन-तीन. बेरीज करा, 30 होतात. यात एकही वस्तू अशी नाही, जी आपल्या बाजारात मिळत नाही. डब्यातल्या महाग पावडरी आणण्याचे आपल्याला कारण नाही.

यल्लमाच्या आंबील यात्रेचा नैवेद्य आठवा. आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर. देवीला आपण अजून शहाण्यासारखे जेवू घालतो, स्वतःच्या ताटात मात्र तो नैवेद्य वर्षातून एकदाच येतो.

एवढे कळल्यावर मी काय केले? नव्या सुनेने सगळे एका दिवसात बदलायला निघावे, तसे मी केले. सोमवारी चाळण माळ्यावर टाकली. मंगळवारपासून तिन्ही वेळा भाकरी, दोन-दोन वाट्या उसळ, वर कोंड्याची धिरडी. बुधवारी मालकांचे पोट नगाऱ्यासारखे झाले. गुरुवारी त्यांनी ताटाला हात लावायला नकार दिला आणि म्हणाले, "आता मला म्हशींच्या दावणीलाच बांध!" घरातली सगळी हसली, मला मात्र रडू आले. चूक माझीच होती. चोथा हळूहळू वाढवावा लागतो, आठवड्याला थोडा थोडा. पोटातल्या जिवाणूंनाही त्याची सवय व्हावी लागते. आणि त्याबरोबर पाणी भरपूर प्यावे लागते. पाण्यावाचून कोंडा म्हणजे पावसावाचून पेरणी. कोठा साफ होण्याऐवजी तो अडकून बसतो. इसबगोल तर कधीच कोरडा घेऊ नये, घशात अडकतो.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. 2019 च्या पावसाळ्यात साखर उतरलेली पाहून मला चेव आला. मी त्यांची भाकरी दोनावरून एकीवर आणली आणि ताट भाजीने भरले. गोळ्या तेवढ्याच चालू होत्या आणि रानात दिवसभर भात लावणीचे काम. दुपारी निरोप आला की ते बांधावर बसलेत, अंगाला दरदरून घाम सुटलाय, हात थरथरताहेत आणि बोलणे समजत नाही. मी धावत गेले. हातात डबा होता. मी भाकरी-उसळ काढून त्यांना भरवू लागले. शेजारच्या रानातली एक बाई, जिचा मुलगा इन्सुलिनवर आहे, ओरडली, "अगं, भाकरी काय भरवतेस! साखर दे!" तिने स्वतःच्या चहाच्या सामानातली साखर पाण्यात कालवून त्यांना पाजली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस भानावर आला.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले ते मी कधी विसरणार नाही. चोथ्याचा गुण हा, की तो साखरेला हळू करतो. पण रक्तातली साखर एकदम खाली गेली, तर त्या घटकेला तोच त्याचा अवगुण ठरतो. तेव्हा भाकरी-उसळ नको, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. पाव तासात बरे वाटले नाही तर पुन्हा द्यायची, आणि बरे वाटल्यावर मग जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. तेव्हापासून मालकांच्या खिशात साखरेची पुडी असते. डॉक्टरांनी गोळीही कमी केली. जेवण बदलले की ते डॉक्टरांच्या कानावर घालावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. आपण ताट बदलतो तेव्हा औषधाचा हिशेबही बदलतो. आपण ताट बदलायचे आणि गोळी डॉक्टरांनी बदलायची, ही सीमा कुणी ओलांडू नये. चोथा खाऊ लागले म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि इन्सुलिन बंद करणे तर जिवाशी खेळ आहे. ज्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे, त्यांनी डाळी, पालेभाज्या आणि फळे किती खावीत हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता आमच्या घरी काय चालते, ते थोडक्यात सांगते. दळणात चाळण नाही. एका वेळी भाकरी, एका वेळी न चाळलेल्या पिठाची चपाती, आणि दोन्ही मोजून. भाकरीनेही साखर चढते, फक्त बेताने चढते, म्हणून चार भाकरी खाऊन चालत नाही. जेवायला बसल्यावर आधी काकडी-गाजर, भाजी आणि उसळ, भाकरी त्यानंतर, आणि भात शेवटी दोन घास. भाजी आधी आणि भात मागून खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे परदेशांतील लहान चाचण्यांतही दिसले आहे. पोकळा, शेपू, मेथी, चाकवत यांपैकी एक पालेभाजी रोज. हुलग्याचे माडगे आठवड्यातून दोनदा. फळ चावून खायचे, रस काढायचा नाही. नाचणी चांगली, पण तिची बारीक पिठाची पातळ, गूळ घातलेली खीर केली तर तिचा गुण निम्मा गेला म्हणून समजा. कडधान्य मोड आणून, पण गाळ होईपर्यंत शिजवायचे नाही.

उपवासाचे एक सांगते. नवरात्रात आपल्याकडे घरोघर उपवास असतात आणि उपवास म्हटला की साबुदाणा. साबुदाणा म्हणजे नुसते पिठूळ सत्त्व, त्यात चोथा जवळजवळ नाहीच. मधुमेही माणसाने आधी डॉक्टरांना विचारावे, की गोळ्या चालू असताना उपवास करू का. परवानगी मिळाली तर राजगिरा, शेंगदाणे, काकडी, पेरू यांवर भागवावे. अंबाबाई कुणाचा जीव मागत नाही.

या सगळ्याचा परिणाम काय? मालकांची सरासरी 9.4 वरून पुढे 7 च्या खाली आली. याचे श्रेय एकट्या भाकरीला मी देणार नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, संध्याकाळी कळंबा तलावाच्या कडेने चालणे सुरू केले आणि तंबाखू सुटली. पण चौघे मिळून ओझे उचलतात, तेव्हा चौथा खांदा काढून घेतला तर ओझे कलते. आमच्या घरात तो चौथा खांदा ताटातला चोथा आहे. आणि रोज रात्री मी त्यांचे तळपाय दिव्याजवळ पाहते. माझ्या आईचे कुणी पाहिले नव्हते.

आता शेवटचे, आणि ते पुरुषांविषयी नाही. 2022 साली मुलगी म्हणाली, "आई, बाबांचे सारखे तपासतेस, तुझे कधी तपासलेस?" मी हसून टाळले. तिने धरून नेले. माझी उपाशीपोटीची साखर 114 निघाली. मधुमेह नव्हे, पण 100 च्या पुढे गेलेली, म्हणजे उंबरठ्यावरची. मला आश्चर्य वाटले, कारण घरातला स्वयंपाक मीच सुधारला होता! मग विचार केला. मालकांना भाकरी-उसळ-भाजी वाढून होईपर्यंत दोन वाजत. तोवर उसळ संपलेली, भाजी टोपाच्या बुडाला. मी उरलेला भात आमटीत कालवून उभ्यानेच खात असे आणि चार वाजता चहाबरोबर खारी. घरातला सगळा चोथा मी दुसऱ्यांना वाढला आणि स्वतः मांडा खाल्ला. माझी आई जे करत होती, तेच मी करत होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातील पाहणीचा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि त्याहूनही अधिक लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला आहे. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला परत फिरता येते, हेच त्यातले समाधान. मी फिरते आहे. आता माझे ताट मी मालकांच्या बरोबरच वाढून घेते. पहिले आठ दिवस मलाच लाज वाटली. सासूबाई हयात असताना हे मी केले नसते, असेही वाटले. पण त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा मी विचार करते, तेव्हा मला वाटते, त्यांनी मुकाट्याने पाट सरकवून दिला असता.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. या वर्षात प्रत्येकीने एकदा स्वतःची साखर तपासून घ्यावी. नवऱ्याची, सासऱ्याची नव्हे, स्वतःची. बाळंतपणात जिची साखर वाढली होती, तिने तर अवश्य. घरी गेल्यावर चाळण उंच फळीवर ठेवावी. पाहुणा आला तर अभिमानाने भाकरी वाढावी. आणि उसळीची एक वाटी आधीच स्वतःसाठी बाजूला काढून झाकून ठेवावी. तिला कुणी हावरट म्हणाले तर माझे नाव सांगावे.

आमच्या म्हशींचा कोंडा बंद झाला म्हणून त्यांनी तक्रार केलेली नाही. त्यांना आता पेंड जास्त घालते. कोंडा आम्ही ठेवून घेतला आहे. आजीने सांगितलेला मांडा करायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आपल्या लेकी-सुनांना तेवढा उशीर होऊ नये, एवढीच इच्छा आहे.